घरभर टोप्या

बेल वाजली की माझा हात आधी सोफ्याच्या उशीखाली जातो. सुई, दोऱ्याचा गुंडा, अर्धवट विणलेलं टोपडं, सगळं एका झटक्यात उशीखाली सारायचं आणि मग दार उघडायचं. बाहेर बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो, नाहीतर पाण्याच्या टँकरचं काहीतरी सांगायला आलेला सोसायटीचा वॉचमन. त्यांना माझ्या उशीत काय रस असणार? हिला, म्हणजे माझ्या बायकोला, याचं फार हसू येतं. "अहो, चोरून पिणारा माणूससुद्धा बाटली इतक्या घाईने लपवत नसेल," असं ती म्हणते. पिंपळे सौदागरातल्या आमच्या सोसायटीत माझ्या वयाचे लोक सकाळी बागेत गोल उभे राहून टाळ्या वाजवत मोठमोठ्याने हसतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही. मला क्रोशाच्या सुईची अजून वाटते. ही लाज माझ्या अंगात कुठून शिरली ते सांगायचं तर चिंचवडच्या चाळीत जावं लागेल.

चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांवर कंपनीच्या भोंग्याचं राज्य होतं. अण्णा कंपनीत लेथवर होते. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा घरात सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं, भांडं पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्याने स्वतःच दचकायचं. आई भाकरीसुद्धा हलक्या हाताने थापायची. आम्ही मूळचे उस्मानाबादकडचे. गावाकडून येसराचा मसाला यायचा, त्याच्या आमटीचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि शेजारच्या हसीनाखाला दारातूनच विचारायच्या, "आज आमटी काय?" त्यांच्या घरातून वाटी यायची ती रिकामी कधी यायची नाही आणि आमच्याकडून जायची तीही नाही. खालांचे मिस्टर मोटर मेकॅनिक होते, हायवेला त्यांचं गॅरेज होतं. दुपारी कामं उरकली की खाला गॅलरीत पाटावर बसून जाळीच्या टोप्या विणायच्या. पांढरा दोरा, आकड्याची बारीक सुई आणि तोंडाने चाळीची सगळी खबरबात.

त्या वर्षी मला कावीळ झाली. शाळा बंद, खेळ बंद, तेल-तिखट बंद. उसाचा रस, फुटाणे आणि बिनफोडणीचं वरण यांवर मी जगत होतो. दिवसभर झोपून अंगाला रग लागली, तेव्हा आईने मला गॅलरीत खालांजवळ बसवलं. आधी मी नुसता गुंडा धरायचो. मग एक दिवस खालांनी दुसरी सुई माझ्या हातात दिली. "बेटा, दोरा आवळू नको," त्या म्हणायच्या. "आवळला की टोपी डोक्याला बसत न्हाई. ढीला सोड, ढीला. ही साखळी, हा खांब, हा मुका खांब." मुका खांब म्हणजे बुटका, दोरा न गुंडाळता घातलेला. तो दोन खांबांच्या मधे दिसत नाही, पण तो नसला की जाळी फाकते. हे सगळं माझ्या हाताला असं काही उमगलं की जणू हात वाटच बघत होते. कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, शाळा सुरू झाली, पण सुई काही सुटली नाही.

एक अडचण होती. खालांना टोप्याच येत होत्या, त्यामुळे मलाही टोप्याच येत होत्या. मधोमध एक कडं घालायचं आणि गोल गोल वाढवत न्यायचं, एवढीच माझी विद्या. म्हणून मी जे काही विणलं ते गोल झालं. माठाला टोपी झाली, ट्रान्झिस्टरला टोपी झाली, आरसा झाकायला टोपी, देवाच्या घंटीला एक टीचभर टोपी. आमच्या घरात माणसं सोडून सगळ्यांना टोप्या होत्या. आई आधी चिडायची. "काय करलालास रे हे बायकांसारखं? अण्णा उठले तर काय म्हणतील?" पण ती टोप्या काढून टाकायची नाही. माठावरच्या टोपीची धूळ झटकून ती पुन्हा नीट बसवायची, हे मी पाहिलं होतं.

आणि मग ताईला बघायला पाहुणे येऊ लागले.

सुमनताई माझ्याहून मोठी, उंच, आवाजाने खणखणीत. सायकलची चेन पडली तर चाळीतली पोरं तिच्याकडे यायची. तिला शर्टाचं बटणही सरळ लावता येत नसे. दोरा सुईत ओवेपर्यंतच तिचा धीर संपायचा. त्या काळी बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांबरोबर मुलीच्या हातचं कामही मांडायची रीत होती. भरतकामाची उशी, मण्यांचं तोरण, विणलेला रुमाल असं काहीतरी पाहुण्यांच्या नजरेला पडलं पाहिजे, म्हणजे मुलगी घरात बसणारी आहे हे आपोआप कळतं. आमच्याकडे मांडायला काहीच नव्हतं. पहिल्याच खेपेला एका पाहुणीने ट्रान्झिस्टरवरची टोपी उचलून विचारलं, "हे कुणी केलं?" आणि आई श्वास न घेता म्हणाली, "आमच्या सुमननं. तिच्या हाताला फार कला आहे."

मी आतल्या खोलीत होतो. ते ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, कारण आता कुणी मला विचारणार नव्हतं. मग ती टोपी माझी आहे हे बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं. मला दोन्हींची लाज वाटली. पुढे आईने एक दुरडीच केली. टोपडी, बाळमोजे, गोल रुमाल, सगळं त्यात घडी घालून ठेवायचं आणि पाहुणे आले की कोनाड्यातून खाली काढायचं. दुरडीवर फडकं टाकताना ती माझ्याकडे बघायची नाही. ताई मात्र पाहुणे गेले की माझ्या पाठीत धपाटा घालून हसायची. "विल्या, माझं लग्न तुझ्या टोप्यांवर ठरणार बघ." लग्न काही ठरत नव्हतं. कुणाला मुलगी उंच वाटली, कुणाला आवाज मोठा वाटला. एका घराने तर कळवलं की मुलगी सगळं गोलच का विणते? ताई त्यावर दोन दिवस हसत होती. आई हसली नाही. ताईच्या बरोबरीच्या चाळीतल्या सगळ्या मुली नांदायला गेल्या होत्या आणि जिन्यात बायका आईला विचारायच्या, "काय, जमलं का कुठं?"

महाळुंग्याचं स्थळ आलं तेव्हा म्हणूनच आईने देव पाण्यात ठेवले. चाकणजवळचं जुनं घर, मुलगा सालस, कमी बोलणारा. मुलाच्या आईने पहिल्या भेटीतच दुरडी मांडीवर घेतली आणि एकेक वस्तू उलटसुलट करून पाहिली. त्यांच्या थोरल्या लेकीला दिवस गेले होते. "बारशाला कुंची पायजे बरं का पोरी, तुझ्या हातची," असं म्हणून त्यांनी एक टोपडं वानगीदाखल बरोबर नेलं. आठवडाभरात पसंती आली. सुपारी फोडायला ते पुन्हा आले, तेव्हा मुलगा, त्याची आई, धाकटी बहीण आणि मामा, असे सगळे होते. आमच्याकडून चाळीतली दोन-चार वडीलधारी माणसं आणि सुट्टी घेतलेले अण्णा. अण्णांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते सारखे कॉलर सारखी करत होते.

पोहे झाले. मी स्वयंपाकघरात कपबशा पुसत होतो. बाहेरून मुलाच्या आईचा आवाज आला. त्यांनी चाकणच्या बाजारातून दोऱ्याचा गुंडा आणि सुई आणली होती. "सुमन, माज्या या धाकटीला जरा दाव बरं कसं करत्यात. सारखी पाठीमागं लागलीया, वहिनीकडनं शिकायचंय म्हनून."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. पडद्याच्या फटीतून मला ताईची पाठ दिसत होती. तिने सुई हातात घेतली. वरण ढवळायची पळी धरावी तशी तिने ती मुठीत धरली आणि दोरा तिच्यावर गुंडाळू लागली. एकदा, दोनदा, चारदा. दोरा सुटून मांडीवर पडला. आई घाईने म्हणाली, "लाजलीय हो ती, माणसांत हात चालत नाही तिचा." ताईने सुई खाली ठेवली.

"मला येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "मी कधी केलंच नाही. हे सगळं माझा भाऊ करतो."

"थट्टा करतीय," आई म्हणाली, पण तिला हसू फुटेना.

"विल्या, बाहेर ये," ताईने हाक मारली.

मी बाहेर गेलो. अण्णांचा जुना खाकी शर्ट कापून बेतलेला माझा सदरा ओला झाला होता, हातात बशी पुसायचं फडकं होतं. कान इतके तापले होते की माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. मी ताईशेजारी बसलो. सुई घेतली. पहिल्यांदा आकड्यात दोरा येईना. मग आला, आणि पुढे हात आपले आपण चालू लागले. कडं झालं, साखळी झाली, खांब, मुका खांब, खांब. मी मान वर केली नाही. हात थांबवावेत असं वाटत होतं आणि ते थांबले की वर बघावं लागेल याची भीती वाटत होती.

मामा पहिल्यांदा हसले. "आयला! आरं, या पोराला बांगड्या भरा की कुनीतरी!"

सगळे हसले. मुलाच्या धाकट्या बहिणीने तर ओढणी तोंडात कोंबली. मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठले होते. दारात चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. त्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. जन्मभरात माझ्या पाठीवर त्यांचा रट्टा कधी पडला नाही. पण त्या दिवशी पडला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मुलाची आई मात्र हसली नव्हती. ती आईकडे बघत होती. "म्हंजी आमालाबी टोपीच घातली म्हना की, इहीनबाई."

हसणं थांबलं. आईने पदर तोंडाला लावला. मामा म्हणाले, "मोडा की मग. काय जबरदस्ती हाय का?"

"तू गप रं," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातून ते विणलेलं कडं घेतलं, उताणं करून पाहिलं, बोटाने ताणून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मोडून सांगू काय गावाला? ह्या टोपड्यापायी आख्ख्या म्हाळुंग्यात नाचून बसले मी, माजी सून अशी अन् माजी सून तशी. बारशाला चार गावच्या बाया यायच्या हायत्या." मग त्या ताईकडे वळल्या. "पोरगी मला पसंत हाय. त्वांड मोठं हाय, पर चालंल. फकस्त ह्ये या भिंतींच्या भायेर जायाचं न्हाई. इनायचं ह्या पोरानं, नाव सुनंचं. काय रं, कबूल हाय का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. इतक्या दिवसांत माझ्या टोप्यांबद्दल मला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी मान हलवली आणि सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर अण्णा परत आले. तारीख ठरली का, एवढंच त्यांनी आईला विचारलं. ते मला रागावले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. फक्त त्या दिवसापासून घरात शिरायच्या आधी ते दाराबाहेर उभे राहून मोठ्याने खाकरायचे. सुरुवातीला मला कळेना. मग कळलं की ते मला वेळ देत होते, सुई लपवायला. त्यांना मी विणताना दिसायला नको होतो आणि मला ते माहीत आहे हेही दिसायला नको होतं. खाकरणं ऐकलं की मी सगळं गादीखाली सारायचो आणि पुस्तक उघडायचो. मग अण्णा आत यायचे. ते गेल्यालाही आता किती काळ लोटला, पण आमच्या दाराची बेल वाजली की मला ते खाकरणंच ऐकू येतं.

कबूल केलं ते मी निभावलं. आयटीआय केलं, तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमला लागलो, लग्न झालं, मुलं झाली. डबा न्यायच्या पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपडी आणि कुंच्या महाळुंग्याला जात राहिल्या. ताईच्या नणंदांची मुलं, मग ताईची मुलं, मग मुलांची मुलं, त्या घरातलं प्रत्येक बाळ माझ्या टोपड्यात पाळण्यात गेलं आणि प्रत्येक बारशाला मी पंगतीत बसून ऐकलं की सुमनवहिनींच्या हाताला काय कला आहे. ताईची सासू अशा वेळी लांबूनच माझ्याकडे बघून जिलबी वाढायला सांगायची, दोन जास्त. ती वारली तेव्हा मी खरोखर रडलो. गुपित जपणारं माणूस गेलं की आपला एक भाग त्याच्याबरोबर जातो.

परवा ताईचा फोन आला. ती आता पुरती महाळुंग्याची झालीय. "विल्या, आत्ताच्या आत्ता ये. इज्जतीचा प्रश्न हाय." गेलो. रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. जिथे ताईच्या सासऱ्यांची ज्वारी उभी असायची तिथे आता कंपनीची पत्र्याची भिंत आहे. घरी पोचलो तर प्रश्न असा होता की धाकट्या नातसुनेला आजीचं रील करायचं होतं. आजी विणतेय आणि मागे गाणं. मोतीबिंदूचं कारण सांगून ताईने महिनाभर टाळलं होतं. आता डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं आणि कारण संपलं.

"तिला चाकनला धाडलीय भाजीला," ताई म्हणाली. "म्हटलं, मी एकटीच करते, तू असलीस की माजा हात चालत न्हाई. ह्ये लाल बटन दाबायचं. नुसते हात दिसत्यात, त्वांड न्हाई."

फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी बसलो, सुई घेतली. ताईने फोनमध्ये पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "बाप्याचा हात हाय ह्यो. कुनीबी वळखंल." मग मोरीतून साबणाचं पाणी आणलं आणि आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवू लागली.

"ताई, नको," मी म्हणालो.

"आयुष्यभर तुज्या टोप्यांवर मिरवले रं. आता शेवटाला उघडी पाडू नगंस."

तिचे हात शेतात राबून माझ्यापेक्षा थोराड झालेत, तरी बांगड्या चढताना माझा अंगठा मोडतो की काय असं झालं. आजोबा झालेला माणूस मी, बहिणीपुढे हात करून बसलो होतो. मामा कधीच वर गेले, पण त्यांचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं. अण्णांच्या चपलाही ऐकू आल्या, एकेक पायरी. शरमेने माझी मान खाली गेली ती तशीच राहिली. ताईने लाल बटण दाबलं. कडं, साखळी, खांब, मुका खांब. प्रत्येक टाक्याला बांगड्या किणकिणत होत्या. सांगायला संकोच वाटतो, पण मला तो आवाज आवडला.

बांगड्या काढायला गेलो तर एक निघेना. हात सुजला होता. ताई म्हणाली, "घरी जाऊन साबन लाव, निवांत. फोडू मातर नगंस, ह्यांच्या नावाची हाय." उन्हाचा कडाका असताना मी शर्टाच्या बाहीचं बटण मनगटावर घट्ट लावून रिक्षात बसलो. घरी आलो तर हिने ते रील आधीच पाहिलं होतं, कारण नातसुनेने सगळ्या नातेवाइकांना पाठवलं होतं. खाली कुणी कुणी लिहिलं होतं, 'आजींचे हात बघा', 'आजींच्या हाताला काय कला आहे'. ही माझ्या बाहीकडे बघत फक्त चहा ठेवायला गेली.

आज दुपारी सोफ्यावर विणत बसलो होतो. थोरल्या नातसुनेला झालेल्या ताईच्या पणतीचं टोपडं आहे, पुढच्या आठवड्यात बारसं. बेल वाजली. सवयीने हात उशीकडे गेला आणि मनगटावर काच वाजली. मी थांबलो. टोपडं आहे तिथेच, उशीवर राहू दिलं आणि दार उघडलं. वॉचमन टँकरचं सांगायला आला होता. त्याची नजर माझ्या हातावर गेली.

"निघत नाही," मी म्हणालो.

"साबण लावा की, काका."

"लावला," मी म्हणालो. लावला नव्हता.